पट्ट्यावर उरलेली वर्षं

लावेना, तावेउनी बेट,
फिजी

ती. दादा आणि सौ. वहिनी यांना साष्टांग नमस्कार.

दादा, इथल्या विकाऊ जमिनीची तू पाठवलेली जाहिरात वाचली. पाच एकर, समुद्राकडे उतरणारी जमीन, जुने माड, यांगोना (ज्याच्या मुळांचं पेय करतात तो कावा) लावलेला, आणि अगदी खाली बारीक अक्षरांत: भाडेपट्ट्याची 11 वर्षं शिल्लक. किंमत ठरते ती त्या शेवटच्या ओळीवरून.

फिजीतली सुमारे 87 टक्के जमीन इथल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे इताउकेईंची आहे. ती मतांगालीच्या, म्हणजे एका कुळातल्या सगळ्यांच्या सामाईक नावावर असते आणि विकता येत नाही. विकत मिळणारी फ्रीहोल्ड जमीन जेमतेम 8 टक्के, उरलेली सरकारी. मतांगालीची जमीन फक्त पट्ट्याने मिळते, आणि तो पट्टा 1940 च्या कायद्याने नेमलेला इताउकेई लँड ट्रस्ट बोर्डच देऊ शकतो. शेतीच्या पट्ट्याची मुदत साधारण 30 वर्षं. भाडं जमिनीच्या कच्च्या किमतीच्या, म्हणजे त्यावरची झाडं-घरं वगळून होणाऱ्या किमतीच्या, जास्तीत जास्त 6 टक्के.

आपल्याकडचा कुळकायदा डोक्यातून काढून टाक. इथे कुळाने पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली तरी ते मालक होत नाही. उसाच्या भागातले पट्टे 1997 पासून संपायला लागले तेव्हा गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर इथे आणलेल्या भारतीय मजुरांच्या, कितीतरी नातवंडांना बांधलेली घरं सोडून उठावं लागलं. मुदत वाढून मिळते, नाही असं नाही. पण ती मिळेलच असं धरून पैसे घालू नयेत.

आता 11 वर्षांचा हिशेब. यांगोना तीन वर्षांनी उपटता येतो, पण मुळं भरतात ती चौथ्या-पाचव्या वर्षी. म्हणजे दोन पिकं नीट येतील, तिसरं कोवळं काढावं लागेल. नवे माड लावलेस तर उंच जात सहा-सात वर्षांनी धरते, पुढची फळं दुसऱ्याची. त्यात परदेशी माणसाला एक एकराच्या वर जमीन घ्यायची तर मंत्र्याची लेखी परवानगी लागते, आणि पट्टा तुझ्या नावावर करायला बोर्डाची संमती वेगळी. कागद फिरत राहतात तेवढा वेळ मुदतीतूनच जातो.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती तोंडी व्यवहारात. गावातला एखादा वडीलधारा प्रेमाने म्हणतो, ‘कर इथे शेती, वर्षाला एवढे दे.’ त्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. पण जमीन एकट्याची नाही, तिथे त्याच्या शब्दाने बाकीचे बांधले जात नाहीत, आणि बोर्डाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहाराला कायद्यात आधार नाही. तो म्हातारा गेला की पुतणे येऊन उभे राहतात.

यांगोनाबद्दल तू विचारलं होतंस. तो मिरीच्याच घराण्यातला, म्हणून खोडी ओळखीच्या वाटतील: मुळाशी पाणी साचलं की मेला, पहिल्या वर्षी सावली हवी. दोन-तीन डोळ्यांची निरोगी कांडी घेऊन आधी पिशवीत रुजवतात, मग उतारावर उंचवटे करून लावतात. मोठा शत्रू शेंडेमर. काकडीवर मोझॅक आणणाराच विषाणू, मावा तो पसरवतो. शेंडा काळा पडून सड खाली उतरते. असं झाड उपटून लांब नेऊन टाकायचं, त्याची कांडी लावायची नाही, आणि शेजारी काकडी-भोपळा घ्यायचा नाही. ओली पाच किलो मुळं वाळून साधारण एक किलो उरतात. जाहिरातवाले हिशेब ओल्या वजनाचा आणि भाव सुक्याचा सांगतात. वादळात झाड गदागदा हललं की बुंध्याशी कूज लागते, मग कोवळं असलं तरी काढावं लागतं. 20 फेब्रुवारी 2016 च्या विन्स्टन वादळानंतर असा कोवळा माल पुष्कळ निघाला. शिवाय चोरी. पीक चार वर्षं उभं राहतं, राखण करायला माणूस हवा. पुण्यात बसून हे जमणार नाही.

कमी मुदतीच्या पट्ट्याला दालो बरा. आपल्या अळवाचाच मोठा कंद, सात ते नऊ महिन्यांत निघतो. 1993 मध्ये सामोआचं पीक करप्याने गेलं तेव्हा न्यूझीलंडची बाजारपेठ तावेउनीला मिळाली, ती अजून टिकून आहे. पण दालोवर दालो घेत राहिलं की जमीन थकते. मध्ये खाजकुयलीच्या जातीचा, पण खाज नसलेला वेल सहा महिने पसरू द्यावा लागतो. तेवढे महिनेही मुदतीतून वजा.

म्हणून आधी नुसते राहायला या. भारतीय पासपोर्टवर उतरल्यावर चार महिन्यांचा व्हिजिटर परमिट मिळतो. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक आणि परतीचं तिकीट हवं. या परमिटवर काम करता येत नाही, शेतावरही नाही. नांदीच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरून मातेईला, म्हणजे आमच्या बेटावरच्या धावपट्टीवर, लहान विमान येतं, त्यात सामानाची मर्यादा कडक. राजधानी सुवाहून बोट स्वस्त, पण वेळापत्रकावर विसंबू नका. मातेईहून पूर्वेच्या किनाऱ्याने येणारा रस्ता आमच्या गावात संपतो. रविवारी बसची आशा नको. रोकड नांगाराहून घेऊन या. लोक सांगतात कोरड्या महिन्यांत या. मी म्हणेन फेब्रुवारीत या. त्या पावसात पूर्वेची ही बाजू सोसली तर पुढचं बोलू.

वहिनी, लोणचं, तूप, मध, बी-बियाणं आणू नका. जे खायचं आणाल ते विमानतळावर फॉर्मवर लिहाच. इथे मलेरिया नाही, पण डेंग्यू आणि आपल्या कोकणातला लेप्टो आहे, तेव्हा पायात बूट हवेत. दवाखाना वायेवोला. पाणी पत्र्यावरचं: 50 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 50 लिटर, त्यातला पाचवा हिस्सा गळतीत आणि पहिल्या धुवणीत गेला असं धरा. टाकीच्या तोंडाला जाळी नसली की डास तिथेच होतात.

गावात शिरताना अर्धा किलो यांगोनाची सुकी अख्खी मुळं, पूड नव्हे, तुरांगा नी कोरो म्हणजे गावप्रमुखापुढे ठेवायची, यालाच सेवूसेवू. टोपी आणि गॉगल काढायचा, खांदे-गुडघे झाकलेले, पिशवी खांद्यावर न घेता हातात. यांगोनाच्या पेयाची वाटी पुढे आली की एकदा टाळी, एका दमात पिणं, मग तीन टाळ्या. कुणाच्या डोक्याला हात लावू नका, लहान मुलाच्याही.

आणि दादा, विकणाऱ्याकडे तीन गोष्टी माग: पट्ट्याचा नोंदणी क्रमांक, भाडं भरल्याची शेवटची पावती, आणि हस्तांतराला बोर्डाची लेखी संमती. पहिली मिळाली की मला कळव, सुवाच्या वकिलाकडून नोंद तपासून घेतो. तोवर टोकन म्हणूनही काही पाठवू नकोस.

तुझा,
धाकटा