ऑस्टिनचा सातबारा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरावरचा प्रवासलेख वाचला. पुलाखालची वटवाघळे, गाण्याच्या मैफली, सगळे छान उतरले आहे. फक्त ‘स्वातंत्र्यसेनानी ऑस्टिन यांनी वसवलेले शहर’ हे वाक्य घशाखाली उतरेना. लेकीकडे तीन महिने राहून आलो, तेव्हा तिथल्या विधानभवनात एलिझाबेट नेय यांनी घडवलेला त्याचा संगमरवरी पुतळा पाहिला आणि नंतर ग्रंथालयात बसून माणूस थोडा वाचला. मी निवृत्त तलाठी. माझी नजर आधी जमिनीवरच जाते.

पहिली गोष्ट, स्टीफन ऑस्टिनने हे शहर वसवले नाही. तो 27 डिसेंबर 1836 रोजी न्यूमोनियाने गेला, अवघा 43 वर्षांचा. वॉटर्लू नावाच्या खेड्यात राजधानी नेऊन त्याला ऑस्टिनचे नाव दिले ते 1839 मध्ये. त्याचे गाव म्हणजे ब्राझोस नदीकाठचे सान फेलिपे.

मुळात परवानगी वडिलांची. 1821 च्या सुरुवातीला मोझेस ऑस्टिनना स्पॅनिश सरकारने 300 कुटुंबे आणायला मुभा दिली आणि जूनमध्ये ते वारले. त्यानंतर काही महिन्यांतच मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला आणि टेक्सास त्याच्याकडे आला. कागद नव्याने करून घ्यायला मुलाने मेक्सिको सिटीत वर्षभर खेटे घातले, स्पॅनिश पक्की केली, पुढे सही ‘एस्तेवान’ अशी करू लागला. जनावरे पाळणाऱ्या कुटुंबाला 4,428 एकर! आमच्या निफाडकडे पाच एकरवाला बागायतदार म्हणवतो. वर हा एकरी साडेबारा सेंट फी मागायचा. लोकांनी बोंब मारली, तेव्हा वरच्या अधिकाऱ्याने ती बंद पाडली. (आमच्या खात्यात हे फार ओळखीचे वाटले.)

अटी दोन: मेक्सिकोचे नागरिकत्व घ्यायचे आणि कॅथलिक व्हायचे. पाद्री मिळेना, म्हणून जोडपी ‘पाद्री आला की लग्न लावू’ असे बंधपत्र लिहून देत आणि संसाराला लागत. पाद्री येईपर्यंत कुणाच्या कडेवर मूलही असे.

इथपर्यंत गोष्ट गमतीची आहे. पण 1821 च्या त्याच्या पहिल्या योजनेत पुरुषाला 640 एकर, बायकोमागे 320, मुलामागे 160 आणि प्रत्येक गुलामामागे 80 एकर होते. माणूस राबणार दुसऱ्यासाठी, त्याच्या डोक्यावर जमीन मिळणार मालकाला. 1825 च्या शिरगणतीत वसाहतीत सुमारे 1,800 माणसे, त्यांतली 443 गुलाम. मेक्सिकोत गुलामगिरीविरुद्ध कायदे होऊ लागले, तेव्हा गुलामांकडून ‘नोकरी’चे करार लिहून घेण्याची पळवाट निघाली. कापसासाठी गुलाम हवेतच, हे ऑस्टिन सरकारदरबारी मांडत राहिला. आणि त्या जमिनीचे आधीचे वहिवाटदार? किनाऱ्यावरचे कारांकावा लोक. त्यांना वसाहतीच्या सशस्त्र तुकड्यांनी हुसकावले, ऑस्टिनच्याच हुकमाने.

तरी तो बंडखोर नव्हता, हेही लिहिले पाहिजे. 1830 मध्ये मेक्सिकोने अमेरिकेतून येणाऱ्यांना बंदी केली (होय, उलट दिशेची बंदी!), तेव्हाही तो अर्जविनंत्याच करत होता. 1833 मध्ये टेक्सासला मेक्सिकोतच वेगळे राज्य करा, असा अर्ज घेऊन राजधानीत गेला. काम होईना म्हणून वैतागून सान अँटोनियोच्या नगरसभेला लिहिले, की परवानगीची वाट न बघता राज्याची तयारी करा. ते पत्र सरकारच्या हाती पडले. जानेवारी 1834 मध्ये साल्तिलोला अटक झाली आणि पुढचे बहुतेक वर्ष तुरुंगात गेले, पहिले तीन महिने तर एकांतकोठडीत. 1835 मध्ये परतला तो मेक्सिकोविरुद्धच्या लढ्याच्या बाजूने.

ज्यांना जमिनी मोजून दिल्या, त्यांनी स्वतंत्र झालेल्या टेक्सासच्या सप्टेंबर 1836 च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याला 587 मते दिली. लढ्यातला सेनापती सॅम ह्यूस्टनला 5,119.

लेखकाने हे सगळे द्यायला हवे होते असे नाही. पण ‘वसवलेले’ आणि ‘स्वातंत्र्यसेनानी’ या दोन शब्दांची दुरुस्ती पुढच्या रविवारी चौकटीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, निफाड