साठीनंतर पिल्लू नको, मोठा कुत्रा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भटक्या कुत्र्यांबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांवर आपल्या वाचकांनी दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले आहे, त्यात मला भर घालायची नाही. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातल्या एका मुद्द्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. ज्याला रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यायचा आहे त्याने पालिकेकडे अर्ज करावा, कुत्र्याला बिल्ला लावून तो अर्जदाराच्या ताब्यात द्यावा आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदाराची, असे त्यात म्हटले आहे. ‘एवढा कळवळा आहे तर न्या ना घरी’ असे सुनावणाऱ्यांना बरेच झाले. पण घरी न्यायला जो तयार आहे, त्याला कुत्रा मिळतो का?

मी बँकेतून निवृत्त झालेली, ठाण्यात एकटी राहणारी बाई. कुत्री दत्तक देणाऱ्या एका संस्थेकडे अर्ज केला, तर तिथल्या मुलीने फोनवर अगदी गोड आवाजात सांगितले, ‘काकू, राग मानू नका, पण साठीच्या पुढे आम्ही देत नाही.’ राग आलाच. मात्र त्या मुलीची बाजूही खोटी नाही. म्हातारे माणूस गेले की मुले-सुना कुत्र्याला घेऊन संस्थेच्या फाटकाशी येतात, तेही आले तर नशीब. मे महिन्याच्या सुट्टीत हौसेने नेलेली पिल्ले जूनमध्ये शाळा सुरू झाली की परत येतात. आणि सोडून देणाऱ्याला शिक्षा काय? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड! एवढ्यात आज दोघांचा वडापाव जेमतेम होतो. कायदाच असा दात पडलेला असल्यावर संस्थांच्या हाती राहते ते घर बघायला येणे, घरमालकाचे पत्र मागणे, महिन्या-दोन महिन्यांनी फोटो मागवणे. लोकांना या चौकशा जाचक वाटतात. मला त्या कमीच वाटतात.

माझी तक्रार वेगळीच आहे. वयाची अट माणसाला लावली जाते, ती कुत्र्याचे वय बघून लावायला हवी. कुत्रा साधारण बारा-पंधरा वर्षे जगतो. सत्तरीच्या माणसाच्या हातात दोन महिन्यांचे पिल्लू देऊ नये, हे मला शंभर टक्के मान्य. पिल्लू म्हणजे दिवसातून दहा वेळा फरशी पुसणे, चपला आणि चष्म्याची घरे कुरतडलेली, लसींचे डोस पुरे होईपर्यंत पार्व्हो-डिस्टेंपरसारख्या जीवघेण्या आजारांची धास्ती. साठी ओलांडलेल्या गुडघ्यांचे ते काम नव्हे. पण त्याच संस्थेत मागच्या पिंजऱ्यांत सहा-सात वर्षांचे कुत्रे बसलेले असतात. नसबंदी झालेली, रेबीजची लस टोचलेली, अंगापिंडाने जेवढे व्हायचे तेवढे झालेले, आणि स्वभाव कसा आहे हे रोज खायला घालणाऱ्या माणसाला तोंडपाठ. त्यांना कोणी विचारत नाही. त्यातून कुत्रा काळा असेल किंवा मादी असेल तर नाहीच नाही.

दुसऱ्या एका संस्थेने मला तशी एक गावठी कुत्री दिली. रंग विटकरी, डाव्या कानाचे टोक नसबंदीच्या वेळी कापलेले. आमच्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर तिचे चारी पाय चार दिशांना जायचे, त्यामुळे दारातून ती आत यायलाच तयार नव्हती. जन्म सगळा माती आणि कोब्यावर गेलेला. शेवटी दारापासून दिवाणापर्यंत जुन्या सतरंज्या आणि योगासनांची चटई अंथरली, तेव्हा त्या पट्ट्यावरून, जरासुद्धा इकडेतिकडे न होता, ती आत आली आणि दिवाणाखाली गेली. कुकरची शिट्टी झाली की थरथरायची. मी खोलीत असेपर्यंत खायची नाही. घरात घाण मात्र तिने एकदाही केली नाही. पहिले तीन महिने धीर धरा, असे संस्थावाले सांगतात, ते अगदी खरे. आता कुकर झाला की ती स्वयंपाकघरात हजर असते. (जाता जाता : प्रसादाचा शिरा कुत्र्याला देऊ नका. त्यातला बेदाणा त्याच्या मूत्रपिंडाला घातक असतो. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला हे नव्याने सांगावे लागते.)

तेव्हा संस्थांना आणि पालिकेला माझी विनंती अशी की, साठीपुढचा अर्ज आला की सरसकट नकार देऊ नका, मोठ्या वयाचा कुत्रा दाखवा. अर्जात दुसऱ्या पालकाची सही घ्या. मुलगी, भाचा, शेजारी, कोणीही, जो लेखी देईल की यांना काही झाले तर कुत्रा मी सांभाळीन. माझ्या अर्जावर समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलाची सही आहे आणि मी गावी गेले की कुत्री त्याच्याकडेच असते. आधी थोडे दिवस सांभाळायला देऊन मग पक्के करण्याची सोयही हवी. आजारपणाचा खर्च मात्र आधीच स्पष्ट सांगा. गोचिडतापाच्या रक्ततपासण्या आणि सलाइन यांत पेन्शनला चांगलीच कात्री लागते.

सोसायट्यांबद्दल एवढेच की, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही घरात कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. सेक्रेटरींनी त्या एकदा वाचाव्यात. आणि कुत्रा पाळणाऱ्यांनीही फिरायला जाताना खिशात जुने वर्तमानपत्र ठेवावे. आपले दैनिक त्या कामी उत्तम आहे, रागावू नये.

आपल्या पुरवणीत अधूनमधून ‘दत्तक देणे आहे’ म्हणून फोटो येतात, ते झाडून सगळे पिल्लांचे असतात. त्यात प्रत्येक वेळी एक तरी मोठा कुत्रा छापाल का? फोटोखाली वय, लसी आणि नसबंदी झाली आहे का, मुलांशी आणि मांजरांशी पटते का, जिने चढता येतात का, एवढे असले तरी आम्हा मंडळींचे काम होईल.

कळावे,
आपली नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे