कोल्हापूरला दोन मुक्काम हवेत: पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, याचा आम्हा कोल्हापूरकरांना मनापासून अभिमान आहे. पण पाहुण्यांचा दिवस अजून तोच आहे: सकाळी अंबाबाई, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा, तासभर पन्हाळा आणि रात्रीची गाडी. एवढ्यात कोल्हापूर होत नाही. दोन मुक्काम लागतात, आणि हे पाहुण्याला घरून निघण्याआधी कळायला हवे.

पन्हाळा शहरापासून साधारण २० किलोमीटरवर. गाडी थेट वर जाते, म्हणून लोक तीन दरवाजा आणि सज्जा कोठी पाहून लगेच उतरतात. अंधार बाव या विहिरीकडे फारसे कुणी वळत नाही. बाहेरून ती साधी इमारत वाटते. आत तीन मजले, तळाला पाणी आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निघणारी चोरवाट. हे दाखवणारा, ठरलेल्या दराचा प्रशिक्षित वाटाड्या प्रवेशनाक्यावरच मिळाला पाहिजे.

गव्यांच्या दाजीपूर अभयारण्याचे दुखणे वेळेचे आहे. ते ८० किलोमीटरच्या आसपास. गवे पहाटे आणि तिन्हीसांजेला चरायला मोकळ्यावर येतात. ऊन चढले की दाट झाडीत शिरतात. कोल्हापुरात मिसळ खाऊन निघालेला माणूस भर दुपारी पोहोचतो आणि गवा न पाहताच परततो. आदली रात्र राधानगरी किंवा दाजीपूरला काढली तरच पहाट साधते. पावसाळ्यात सफारी बंद असते. बंद आणि सुरू होण्याच्या तारखा महिनाभर आधी जाहीर करा, म्हणजे मुंबई-पुण्याहून आलेल्या कुटुंबाला फाटकावरून मागे फिरावे लागणार नाही.

जेवणाबद्दल एवढेच की कोल्हापुरी म्हणजे नुसता जाळ नव्हे. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, खसखस, काजू यांचा पांढरा रस्सा मंद आचेवरच जमतो. खळखळून उकळला की फुटतो. पर्यटनाच्या जाहिरातीत लाल तर्रीशेजारी त्यालाही जागा द्या.

आता चप्पल. २०१९पासून तिला भौगोलिक मानांकन आहे, तरी पाहुण्याच्या गळ्यात नकली जोडी पडतेच. खरी जोडी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची. तळाचे थर कातडी वादीने शिवलेले, खिळा नाही. तळ कडेने पाहिला की थर मोजता येतात. नकलीत मधे पुठ्ठा असतो, तो पहिल्याच पावसात फुगतो. खरी जोडीही भिजवायची नसते. पहिले काही दिवस अंगठा आणि पट्ट्याला आतून तेलाचा हात लावून घरातच वापरायची. नाहीतर पाय सोलतो आणि बोल कारागिराला लागतो. ही माहिती बसस्थानक, रेल्वे स्थानक आणि चपलांच्या दुकानांच्या चप्पल लाईनमध्ये चित्रांसह लावा.

शेवटची मागणी अंबाबाई मंदिरातल्या किरणोत्सवाची. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि चरणांपासून चढत तिसऱ्या दिवशी देवीच्या मुखापर्यंत पोहोचतात. ढग कुणाच्या हाती नाहीत, पण महाद्वार रस्त्यावर किरणांच्या वाटेत येणारे फलक आणि वाढीव बांधकामे आहेत. ती येत्या नोव्हेंबरआधी मोजून घ्या आणि हटवा.

आपले,
कोल्हापूरचे काही रहिवासी