जनसुनावणीत टिकेल असा प्रकल्प

संपादक महोदय,

पदवीच्या विद्यार्थ्यांना पर्यावरण अभ्यास सक्तीचा आहे आणि त्यात एक प्रकल्पही करावा लागतो. त्या प्रकल्पाचे पुढे काय होते, हे शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना सारखेच ठाऊक आहे. ‘ओझोनचा थर’ असा एखादा विषय, मागच्या वर्षीच्या फाइलवरून उतरवलेली पाने, प्राध्यापकांची सही, मग रद्दी. हे प्रकल्प लिहिणारी कितीतरी मुले तळोजा, लोटे, महाड, घुग्घुस, देवनार अशा कारखान्यांच्या किंवा कचराभूमीच्या शेजारच्या ठिकाणी राहतात. त्यांनी आपल्याच वस्तीवर प्रकल्प केला आणि तो नीट केला, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या टेबलावर आणि जनसुनावणीतही त्याचा उपयोग होतो. ‘नीट’ म्हणजे कसा, हे सांगण्यासाठी हे पत्र.

चेंबूरजवळच्या, तेलशुद्धीकरण कारखान्यांना लागून असलेल्या माहुल आणि आंबापाड्यात केईएम रुग्णालयाच्या पथकाने पाहणी केली, तेव्हा 67.1 टक्के रहिवाशांनी महिन्यात तीनपेक्षा अधिक वेळा दम लागत असल्याचे सांगितले. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे रहिवाशांच्या म्हणण्याला वजन आले ते अशा आकड्यांमुळे. अशी पाहणी विद्यार्थ्यांच्या आवाक्यातली आहे, पण ती बहुतेकदा प्रश्नावलीतच फसते. ‘कारखान्यामुळे खोकला होतो का?’ असे विचारले की उत्तर आधीच ठरलेले असते. ‘गेल्या 15 दिवसांत किती दिवस खोकला होता?’ असे विचारावे आणि कारखान्याचे नावही काढू नये. हीच प्रश्नावली वाऱ्याच्या विरुद्ध दिशेच्या, साधारण तशाच राहणीमानाच्या दुसऱ्या गावातही भरून घ्यावी. हे दुसरे गाव कंटाळा करून गाळले जाते. मग कंपनीचा सल्लागार ‘खोकला सगळीकडेच आहे’ म्हणतो आणि त्यावर आपल्याकडे उत्तर नसते. भेटी संध्याकाळी द्याव्यात, कारण दुपारी कामावर जाणारी माणसे घरी सापडत नाहीत. फॉर्मवर नावाऐवजी घराचा सांकेतिक क्रमांक लिहावा. त्याच कारखान्यात नोकरी करणाऱ्यांची घरेही त्याच गल्लीत असतात आणि त्यांच्या पोटावर पाय येता कामा नये.

पाण्याच्या बाबतीत सर्वाधिक घोळ बाटलीत होतो. मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत नाल्याचे पाणी भरून दोन तासांनी प्रयोगशाळेत आणले, तर त्यातल्या विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा निरर्थक असतो. वाटेत पाणी हिंदकळून हवा मिसळते, जिवाणू ऑक्सिजन खातात. 300 मिलीची काचेची बीओडी बाटली (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरावी. तिथेच 2 मिली मँगनीज सल्फेट आणि 2 मिली अल्कली आयोडाइड-अझाइड पिपेटचे टोक पाण्याखाली धरून सोडावे, बूच लावून बाटली अनेकदा उलटसुलट करावी. तपकिरी साका आला तर पाण्यात ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर नाही, आणि हे काठावर उभ्या असलेल्या गावकऱ्यालाही दिसते. बीओडीसाठी मात्र वेगळी बाटली घ्यावी. तिच्यात काही न घालता ती बर्फाच्या पेटीत, अंधारात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत न्यावी. रसायनशास्त्र विभागात हे सगळे साहित्य असतेच. नमुने तीन जागी घ्यावेत: सांडपाणी नदीला मिळते त्याच्या वर, मिळते तिथे आणि खाली, पाणी पुरते मिसळल्यावर. वरचा नमुना नसेल तर घाण कुठून आली हे सिद्धच होत नाही. कारखान्याच्या आवारात शिरू नये, नाल्यात उतरू नये, एकट्याने जाऊ नये.

विद्यार्थ्यांचा नमुना कायद्यात स्वतःच्या बळावर उभा राहत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवे. जल कायदा 1974 नुसार मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला, सीलबंद केलेला नमुनाच कारवाईला चालतो. अधिकारी योग्य वेळी यावा, एवढ्यासाठी आपला नमुना असतो. सांडपाणी अनेकदा रात्री किंवा पहिल्या जोरदार पावसात सोडले जाते आणि तपासणी सकाळी अकराला होते. म्हणून महिनाभराची वही, तारीख, वेळ, पाण्याचा रंग, वास, वाऱ्याची दिशा यांसह लिहिलेली, आमच्या मते कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा मोलाची आहे. फोटोंचेही तसेच. व्हॉट्सअॅपवर नेहमीप्रमाणे पाठवलेल्या फोटोतली वेळ आणि ठिकाणाची माहिती गळून जाते, तेव्हा मूळ फाइल जपून ठेवावी. मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात तक्रार देताना दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पोच नसेल तर तक्रार झालीच नाही असे धरून चालावे.

नवा औद्योगिक प्रकल्प येत असेल तर खरी संधी जनसुनावणीत असते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार तिची किमान 30 दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि कंपनीने केलेल्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत इथे अहवाल पाहता येतो. या 30 दिवसांत विद्यार्थ्यांनी एकच काम करावे: अहवालातला 10 किलोमीटरचा परिसर पायी तपासावा. नकाशात नसलेली विहीर, गाळलेली शाळा, ‘पडीक’ दाखवलेली भातखाचरे यांची यादी गट क्रमांकासह लेखी हरकत म्हणून द्यावी. घोषणांची इतिवृत्तात एका ओळीत बोळवण होते, गट क्रमांकाला मात्र कंपनीला उत्तर द्यावे लागते. आणि सुनावणी संपेपर्यंत कुणीही उठू नये. कामकाजाचा सारांश त्याच दिवशी, स्थानिक भाषेत, सर्वांसमोर वाचून दाखवणे बंधनकारक आहे. लोक बसने निघून गेले की तो रिकाम्या मंडपात वाचला जातो आणि राहून गेलेला मुद्दा कायमचा राहून जातो. प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाल्यास हरित न्यायाधिकरणात अपिलाला 30 दिवस असतात, सबळ कारण दाखवल्यास आणखी 60. त्यासाठी अशा मंजुऱ्या जिथे प्रसिद्ध होतात ते केंद्राचे परिवेश पोर्टल रोज पाहणारा एक विद्यार्थी नेमून ठेवावा.

विद्यार्थी तीन वर्षांत बाहेर पडतात, प्रदूषण तिथेच असते. म्हणून वह्या, पोच आणि आकडे कुणाच्या मोबाइलमध्ये न ठेवता महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तास असतात, सात दिवसांचे शिबिर असते. ते तास स्वच्छता फेरीऐवजी या पाहणीला देण्यास नियमाची आडकाठी नाही.

विद्यापीठांना आमची मागणी आहे की पर्यावरण अभ्यासाचा प्रकल्प विद्यार्थ्याच्या राहत्या परिसरावरच असावा, असे परिपत्रक येत्या सत्राआधी काढावे आणि प्रकल्पाची एक प्रत मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवणे महाविद्यालयांवर बंधनकारक करावे.

– पर्यावरण अभ्यास व रसायनशास्त्र शिकवणारे काही प्राध्यापक, रायगड