हातात ‘की’ होती, म्हणून ती लढली नाही?

संपादक महोदय,

माझी नात ठाण्यातल्या एका शाळेत नववीत आहे. शाळेत ‘युद्धातले शौर्य’ या विषयावर प्रदर्शन मांडलंय आणि प्रत्येकाने एकेक तक्ता करायचा होता. नातीने नूर इनायत खान निवडली, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांसाठी फ्रान्समधून वायरलेसवर गुप्त निरोप पाठवणारी. दहा दिवस खपून केलेला तक्ता शिक्षकांनी परत पाठवला. कारणं दोन सांगितली. ती इंग्रजांची हेर होती. ज्या गावच्या तुरुंगात १९१० साली अनंत कान्हेरे फासावर गेले, तिथे तिचं चित्र कसं लावायचं? आणि दुसरं म्हणजे ती प्रत्यक्ष लढली नाही, नुसते निरोप पाठवत होती.

पहिल्या कारणाचं उत्तर त्याच प्रदर्शनात टांगलेलं आहे. तिथे माणगावच्या नाईक यशवंत घाडगे यांचा तक्ता आहे, आणि असायलाच हवा. इटलीत जुलै १९४४ मध्ये एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चालून जाऊन त्यांनी प्राण दिले. त्यांना मरणोत्तर मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस इंग्रजांचाच होता. मग नूरचा जॉर्ज क्रॉस तेवढा परका का? तिचे वडील बडोद्याचे. वडिलांचे आजोबा मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा काढली. घराणं टिपू सुलतानाच्या वंशातलं, असं सांगतात. १९४२ मध्ये इंग्रजांच्या हवाई दलातल्या बढतीच्या मुलाखतीत, समोर इंग्रज अधिकारी बसलेले असताना, या मुलीने सांगितलं की युद्ध संपल्यावर वेळ आली तर आपण हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभ्या राहू. ती लढली ते फ्रान्स बळकावून बसलेल्या हिटलरशी. पॅरिसजवळच तिचं बालपण गेलं होतं, तिचं घर तिथे होतं.

दुसऱ्या कारणाने मात्र मला दोन रात्री झोप लागली नाही. मी जन्मभर निरोपच पाठवले. १९७० मध्ये तारखात्यात लागले, मोर्स म्हणजे टिंब-रेघांची तारेची लिपी शिकले. लोक त्याला ‘कडकट्ट’ म्हणत. १९७१ च्या डिसेंबरात मी फोर्टच्या सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसात होते. काचांना काळे कागद, दिव्यांना टोप्या. भोंगा वाजला की माझा हात थबकायचा, आणि एकदा थबकला की पुढची दोन अक्षरं हमखास चुकायची. आमच्यावर बॉम्ब पडला नाही. दाराशी पोलीस उभे नव्हते, रात्रपाळी संपवून सकाळच्या गाडीने मी ठाण्याला घरी येत होते. तरी हाताची ही गत. त्यामुळे नूरने काय केलं हे मला बोटांतून कळतं.

१७ जून १९४३ च्या पहाटे छोट्या विमानाने तिला फ्रान्सच्या एका शेतात उतरवलं. वय २९. इंग्लंडहून तिथे वायरलेस ऑपरेटर म्हणून पाठवलेली ती पहिली बाई. थोड्याच दिवसांत तिचे पॅरिसमधले सोबती पटापट पकडले गेले. लंडनने परत यायला सांगितलं. ती नाही म्हणाली, कारण ती निघाली असती तर पॅरिसहून बोलणारा यंत्रसंच उरला नसता. एका ऑपरेटरचं आयुष्य तेव्हा सहा आठवडे धरत. ही साडेतीन महिन्यांहून जास्त टिकली.

हे काम कसं असतं ते सांगते. सुटकेसमध्ये बसवलेला सुमारे पंधरा किलोचा संच. तो सायकलवरून किंवा मेट्रोतून न्यायचा. वीसेक मीटर एरियल झाडावर किंवा खिडकीबाहेर ताणायची. मग ‘की’, म्हणजे मोर्स वाजवायची कळ, धरायची, आणि त्याच क्षणापासून जर्मन शोधगाड्या तुमची दिशा धरू लागतात. एका जागी जास्त वेळ बसलात की संपलं. पण घाई करून अक्षर चुकलं तर पलीकडे विमान भलत्याच शेतावर जाईल. म्हणजे जीव मुठीत धरायचा आणि मनगट मात्र सैल ठेवायचं. आकडलेल्या मनगटाने मोर्स जात नाही, हे माझ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नूरचा हात मुळात जड होता. थंडीने बोटं सुजायची, की आपटल्यासारखी वाजायची, आणि शिकवणाऱ्यांचे शेरे काही चांगले नव्हते. अशा हाताने तिने पॅरिस जोडून ठेवलं.

तिची एक चूक नातीने तक्त्यावर लिहिली आहे, ती खोडू नको असं मीच सांगितलं. पाठवलेल्या संदेशांची वही तिने जपून ठेवली होती. ती जर्मनांच्या हाती लागली, तिच्या नावाने खोटे संदेश लंडनला गेले आणि नंतर उतरलेली काही माणसं त्यामुळे सापडली. अभ्यासक म्हणतात की ‘फाइलिंग’ काळजीपूर्वक करा, या सूचनेचा तिने चुकीचा अर्थ घेतला. हे वाचून मी थांबले. आमच्या खात्यातही तार ‘फाइल’ करणं म्हणजे पाठवायला देणं. बाहेरच्या माणसाला तो शब्द जपून ठेवणं असाच वाटणार. एका शब्दाची किंमत किती माणसांनी मोजली, हे मुलांना कळू दे.

ऑक्टोबरात कोणीतरी पत्ता फोडला आणि ती पकडली गेली. दोनदा पळायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा सापडली. दुसऱ्यांदा तर दोन कैद्यांबरोबर छतावरून. पुन्हा पळणार नाही असं वचन मागितलं, ते तिने दिलं नाही. मग जर्मनीत फोर्ट्सहाइमच्या तुरुंगात हातापायांत साखळदंड आणि दहा महिने एकटी कोठडी. मारहाण झाली, तरी तिने सोबत्यांची नावं सांगितली नाहीत. १३ सप्टेंबर १९४४ ला दाखाऊ छावणीत तिला आणखी तीन हेर बायकांबरोबर गोळ्या घातल्या. ३० वर्षांची होती.

प्रदर्शन याच महिन्यात आहे. तक्ता आमच्या नौपाड्यातल्या घरी गुंडाळून ठेवलाय. शाळेने बोलावलं तर मी स्वतः तो घेऊन येईन, आणि माझी सरावाची पितळी की सुद्धा. मुलांनी एकदा आपापलं नाव त्या कीवर पाठवून बघावं, बाहेर कोणीतरी जिना चढतंय अशी कल्पना करून.

– एक निवृत्त टेलिग्राफिस्ट, नौपाडा, ठाणे