बाबांची बाग रंगमंचावर आणू का?

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर हे नीट बोलता येईना, म्हणून लिहितोय. यंदा नाशिकच्या कालिदास कलामंदिरात आमच्या क्लासच्या पोरांचा कार्यक्रम आहे. त्यातल्या एका नाचाची गोष्ट आपल्या घरची आहे: गारपिटीनंतर तुम्ही दोघं बागेत गेलात ती सकाळ. त्यासाठी तुमची परवानगी हवी आहे.

बाबा, हिप-हॉप म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर आदळआपट येते. तीही त्यात आहे. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्क गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा दोन रेकॉर्ड लावून लांबवायचा आणि पोरं त्यावर तुटून पडायची. पण याच नाचात गोष्टही सांगता येते. फिलाडेल्फियाच्या रेनी हॅरिस यांनी २००० साली रोमिओ-ज्युलिएटची कथा हिप-हॉपमधून मांडली, आणि त्यात ज्युलिएट रंगमंचावर येतच नाही. रोमिओच्या वागण्यातून ती आपल्याला कळते.

मीही गारा दाखवणार नाही. पॉपिंग नावाच्या नाचाच्या प्रकारात स्नायू क्षणात आवळून सोडतात, त्यानं अंगाला झटका बसतो. तो झटका मी फक्त बोटांत ठेवलाय, फुटलेला घड उचलताना. तिथून लाट मनगट, कोपर, खांद्यापर्यंत जाते आणि छाती आत ओढली जाते. मग पूर्ण आठ मात्रा नुसतं उभं राहायचं. जोरात नाचण्यापेक्षा हे कितीतरी अवघड. जोरात चूक लपते. इथे खांदा अर्धी मात्रा आधी उतरला तरी डोळ्यांत भरतो.

पोरं सिडको-सातपूरची. राग मागितला की लगेच देतात, हळवं व्हायला मात्र लाजतात. एकानं विचारलं, "सर, बाबा रडले का?" म्हटलं, नाही रे, त्यांनी फुटलेले घड एकेक करून कापायला घेतले. आई काही न बोलता कात्री घेऊन शेजारच्या ओळीत शिरली. हे ऐकल्यावर त्याचा हात आपोआप सावकाश झाला. मला तेव्हा फार भरून आलं. आता शेवटी दोघं जण दोन ओळींत असतात, एकमेकांकडे बघतही नाहीत, पण हात एकाच मात्रेवर चालतात. सगळ्या नाचात मला हाच भाग सगळ्यात जवळचा आहे.

बाबा, आपलं नुकसान चारचौघांत मांडलंय असं वाटत असेल तर मोकळेपणानं नाही म्हणा, मी दुसरी गोष्ट घेईन. गावाचं, घराचं नाव कुठेच येणार नाही. आणि हो म्हणालात, तर एखाद्या रविवारी तालमीला याच. आई, तुला एक दाखवावं लागेल: घड कापताना डावा हात खालून धरतेस की देठाशी? पोरं रोज विचारतात आणि मला खात्रीनं सांगता येत नाही.

तुमचा,
धाकटा