सोलापूरच्या पूर्व भागातल्या झेरॉक्सवाल्या भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

दुकानात येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "असू द्या हो अक्का" म्हणता आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड मशीनवर ठेवता. मला बोलूच देत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, दुकानाचंही नाही, कारण तुम्हाला ते आवडायचं नाही. पण कन्ना चौकापासून विडी घरकुलापर्यंत ज्यांनी ज्यांनी तुमच्याकडे फॉर्म भरलेत, ते ओळखतीलच.

तुमच्यामुळे माझ्या ब्लॉगला नाव मिळालं आणि इंटरनेटवरचा पत्ताही मिळाला. ऐकणाऱ्याला ही एवढीशी गोष्ट वाटेल. पण लिखाण तयार होतं, वह्या भरल्या होत्या, म्हाताऱ्या विणकरांची बोलणी फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवली होती आणि सगळं अडलं होतं ते नावापाशी. त्यातली काही माणसं आता राहिली नाहीत. आपलं बोलणं लोकांपर्यंत पोचलेलं त्यांना बघायला मिळालं नाही, याचा सल मला आहे.

सोलापूरवर लिहिलेलं काही कमी नाही. गिरण्यांवर आहे, १९३० च्या मार्शल लॉवर आहे. १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे ही चार नावं इथल्या पोरासोरांना पाठ आहेत, आणि असायलाच हवीत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचंही कौतुक झालं. पण त्या चादरीचं आडवं सूत ज्या कांडीवरून सुटतं, ती कांडी भरणारी बाई कुठल्या पानावर आहे? माझी आई दाजी पेठेतल्या आमच्या खोलीत कांड्या भरायची. कांडी धोट्यात बसते, धोटा ताण्यातून इकडून तिकडे पळतो, आणि कांडी संपली की माग थांबतो. एवढं सगळं त्या कांडीवर, आणि मजुरीच्या वहीत आईचं नाव सगळ्यात खाली. मला तिच्याबद्दल आणि तिच्यासारख्या बायकांबद्दल लिहायचं होतं.

तुमच्याकडे यायच्या आधी मी एका वेबसाइट करून देणाऱ्या ऑफिसात गेले होते. एसी, काचेचं दार, टेबलावर कुंडी. त्यांनी माझं नीट ऐकूनही घेतलं नाही. "मॅडम, तुम्हाला त्यातलं कळणार नाही, आम्ही करतो सगळं," म्हणाले, पैसे घेतले, आणि एक लांबलचक पत्ता काढून दिला. मध्ये दोन आडव्या रेघा, आणि सोलापूरचं स्पेलिंग इंग्रजांच्या काळातलं, 'एस'च्या पुढे 'एच' असलेलं. कुणाला फोनवर तो पत्ता सांगायचा म्हटलं तरी अर्धा वेळ रेघेला काय म्हणायचं यातच जायचा. वर्ष संपत आलं तेव्हा त्यांनी फोन उचलणं बंद केलं. मग एक दिवस पत्ता उघडेना. तिथल्याच एका मुलाने पूर्वी मला विचारलं होतं, "मागवाल्यांच्या गोष्टी कॉम्प्युटरवर कोण वाचणार?" ते वाक्य आठवलं की अजून अंगाची लाही होते. त्या मुलाला कुणीतरी सांगायला हवं की आमच्या चादरीवरची नक्षी मागावरच्या जॅकार्ड नावाच्या यंत्राच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडून उतरते, ती युक्ती १८०४ सालची आहे, आणि पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांनीही सुरुवातीची कितीतरी वर्षं तसलीच भोकांची कार्डं वापरली. मागवाल्यांना मशीन शिकवायला निघालेल्यांनी आधी मागाजवळ उभं राहून बघावं.

तुमच्याकडे मी आले होते ती वहीच्या झेरॉक्स काढायला. तुम्ही पानं उलटताना दोन ओळी वाचल्यात आणि विचारलंत, "अक्का, हे कुठं छापणार?" मी रडगाणं सांगितलं. तुम्ही त्या ऑफिसला नावं ठेवली नाहीत. एकच प्रश्न विचारलात : "पत्त्याची नोंद झाल्याची मेल कुणाला आलती? तुम्हाला का त्यांना?" मला कधीच कुठली मेल आली नव्हती. तेव्हा तुम्ही म्हणालात, "घर घेताना उताऱ्यावर नाव कुणाचं हाय ते बघतो की आपण. हितं पण तसंच. पैसे तुम्ही भरला, उतारा त्यांच्या नावानं." इतक्या महिन्यांत कुणी मला ही गोष्ट समजेल अशी सांगितली नव्हती.

मग नावाचं काम सुरू झालं. त्यात तुम्ही जेवढा जीव घातलात तेवढा माझ्या घरच्यांनीही घातला नाही. मला आधी 'भोंगा' हवं होतं. गिरणीच्या भोंग्यावर अख्खं गाव उठायचं, जेवायचं, पाळीला जायचं. तुम्हाला ते आवडलं होतं, पण तुम्ही म्हणालात की आता भोंगा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लाउडस्पीकर येतो आणि भांडण सुरू होतं. खरं होतं. 'पूर्व भाग' घ्यावं तर इंग्रजीत एक जण 'यू' घालणार, दुसरा दोन 'ओ' घालणार, तिसरा शेवटी 'ए' लावणार. 'कांडीवाली' मला फार मनापासून आवडलेलं. तुम्ही ते इंग्रजी अक्षरांत लिहून माझ्यासमोर धरलंत आणि काही न बोलता थांबलात. मीच वाचलं : कांदिवली. मुंबईचं लोकल स्टेशन! माझ्या आईला शोधायला निघालेला माणूस बोरिवलीच्या आधी उतरला असता.

आणि मराठी अक्षरांतल्या पत्त्याचं. मला तो फार हवा होता, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत. त्या ऑफिसात हे बोलले तेव्हा हसले होते, "असलं काही नसतं मॅडम." तुम्ही हसला नाहीत. तुम्ही सांगितलंत की असतं, 'डॉट भारत' म्हणून देवनागरीत पत्ता २७ ऑगस्ट २०१४ पासून मिळतो, मराठीसकट आठ भाषांसाठी तो खुला झाला. मग तुम्ही तो तुमच्याच फोनवर टाकून मला दाखवलात. काही ठिकाणी नीट दिसला, काही ठिकाणी त्याच्या जागी 'एक्सएन', दोन रेघा आणि पुढे कुणालाच न वाचता येणारी अक्षरं आली. आत मशीनला अजून इंग्रजी अक्षरंच लागतात, म्हणून ते असं होतं, हेही समजावलंत. "आत्ता साधा घ्या, जमलं की तो पण घेऊ. सोडायचा नाही तो," म्हणालात. नाही म्हणायची ही रीत मला फार भावली. माझी मागणी खुळी आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही.

शेवटी 'कांडी' ठरलं आणि पत्त्यात पुढे 'सोलापूर', आजच्या स्पेलिंगातलं, बिनरेघेचं. शेवटी 'डॉट इन', कारण ते आपल्या देशाचं आहे आणि निक्सी म्हणून जी संस्था आहे ती ते बघते, हे तुम्ही सांगितलंत. पण ठरलं तरी तुम्ही लगेच घेऊ दिलं नाही. आधी तुमच्या आईंना फोन लावलात. घरी तेलुगू बोलता, पण त्यांना म्हणालात की मराठीतच सांगतो, जसं ऐकू येईल तसं धाकट्याला लिहायला सांग. मागच्या खोलीत माग चालू होता, त्याची खटखट मला फोनमधून ऐकू येत होती. एवढ्या आवाजात त्यांनी एकदाच ऐकलं आणि तुमच्या पुतण्याने बरोबर लिहून फोटो पाठवला. तेव्हा तुम्ही टेबलावर हात मारलात, "झालं अक्का, हेच नाव!"

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं ती सांगते.

नोंदणीची वेळ आली तेव्हा तुम्ही खुर्चीवरून उठलात. म्हणालात, "हितं तुम्ही बसा. खातं तुमचं हाय, मग हात पण तुमचाच पाहिजे." आजवर कॉम्प्युटरसमोर जिथे जिथे गेले, तिथे माझ्या हातातून माउस काढून घेतलेला आहे. बँकेत, सायबर कॅफेत, त्या काचेच्या ऑफिसात, भाच्याच्या घरीसुद्धा. "द्या इकडे, मी करतो." तुम्ही माउस माझ्या हातात दिलात आणि स्वतः उभे राहिलात. मला एकेक अक्षर शोधावं लागत होतं. मागे स्कॉलरशिपचे फॉर्म घेऊन पोरं उभी होती, एक गृहस्थ पॅन कार्डासाठी चुळबुळत होते. त्यांनी घाई केली तेव्हा तुम्ही फक्त म्हणालात, "थांबा जरा, अक्कांचं काम चाललंय." झेरॉक्सच्या दोन रुपयांच्या गिऱ्हाइकासाठी तुम्ही तुमचा धंदा थांबवून ठेवला होता.

पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तुम्ही काउंटरच्या बाहेर गेलात आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलात. पासवर्ड इथेच साठवून ठेवू का असं मशीनने विचारलं. मी तुम्हाला तसं ओरडून सांगितलं, तर तुम्ही मागे न बघता म्हणालात, "नाही दाबा." पैसेही माझ्या फोनवरून भरायला लावलेत. मग नोंद झाल्याची मेल माझ्या फोनवर आली, माझ्या नावाने. मालकाच्या रकान्यात माझं पूर्ण नाव, आईचं माहेरचं आडनाव मध्ये घालून. तसं लिहायचं का हेही तुम्हीच विचारलं होतंत, मी सहज बोलून गेले होते ते लक्षात ठेवून. तुमची पाठ, उन्हातला तो रस्ता आणि माझ्या हातातला फोन... घरी गेल्यावर मी खूप रडले भाऊ.

तुम्ही मला किती मोठी गोष्ट दिलीत हे तुम्हाला कदाचित ठाऊक नाही. पत्ता तर कुणीही काढून दिला असता. तुम्ही तो माझा करून दिलात. एखादी विद्या अंगात असणं वेगळं, आणि ती नसलेल्या माणसाला आपल्यापुढे लहान होऊ न देणं वेगळं. आमच्या आळीत असे लोक होते. माग बसवणारे मिस्त्री होते, नव्या पोराला कांडी बदलायला शिकवायचे ते त्याच्या शेजारी उभं राहून, त्याच्या हाताला हात न लावता. पोराच्या हातून सूत तुटलं तर जोडायलाही त्यालाच लावायचे. पत्रं वाचून दाखवणारे मास्तर होते. ते घरातल्या भांडणाचा मजकूर आला की आवाज खाली करायचे, आणि पत्रातलं बोलणं दुसऱ्या दिवशी चावडीवर कधी निघायचं नाही. ही माणसं गेली, आता तसं कुणी उरलं नाही, असं मी गेली काही वर्षं बोलत आले. आता ते बोलायची माझी हिंमत नाही. तुम्ही आहात. तुमच्यासारखे आणखीही असतील, कुठल्या तरी झेरॉक्सच्या दुकानात, सेतू केंद्रात, तिकीट खिडकीमागे. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, कारण त्यांच्याकडून कुणाची तक्रार नसते.

आणि ज्यांनी मला "कळणार नाही" म्हटलं, त्यांना एवढंच सांगणं आहे : मला कळतं. पत्ता भाड्यासारखा असतो, एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत घेता येतो, पहिल्या वर्षीचा दर बघून भुलायचं नसतं, पुढच्या वर्षीचा विचारायचा असतो, हे सगळं मला आता कळतं. ज्याने कळेल असं सांगितलं तो तुमच्यापेक्षा लहान जागेत बसतो आणि त्याच्या दुकानात एसी नाही.

भाऊ, तुम्ही त्या दिवशी फक्त पावतीच्या प्रिंटचे पैसे घेतलेत. मी वाद घातला नाही, कारण मागे रांग होती. पण मी हिशेब सोडलेला नाही. येत्या रविवारी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेऊन तुमच्या घरी येणार आहे, आणि ते घ्यायला नाही म्हणायचं नाही. येण्याचं दुसरं कारण तुमच्या आई आहेत. मागाच्या आवाजात एका दमात नाव ऐकणारी बाई आयुष्यभर कांड्या भरत आलेली असणार, असं मला त्याच दिवशी वाटलं होतं. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, "मग काय अक्का, आमची फी त्यातनंच भरली की." पहिला लेख माझ्या आईवर आहे, तो तयार आहे. दुसरा तुमच्या आईंवर व्हावा अशी माझी फार इच्छा आहे. त्या तेलुगूत बोलल्या तरी चालेल, तुम्ही शेजारी बसून सांगा. त्यांना विचारून ठेवा, आणि सकाळी बरं पडेल की संध्याकाळी, तेवढं कळवा.

तुमची,
वहीवाली अक्का